आमची हुशार पोरं आणि त्यांची चाळणी

पोर साधारण निघालं तर जिल्हा परिषदेची शाळा. पोर हुशार निघालं तर कॉन्व्हेंट. हा आपल्या वस्त्यांमधला नवा कायदा आहे. कुणी लिहिला नाही, कुणी पास केला नाही. तरी घाटावर मेहकर-चिखलीपासून घाटाखाली खामगाव-मलकापूरपर्यंत प्रत्येक भीमनगरात तो पाळला जातो. शंभर वर्षांपूर्वी गाव विचारायचं, महाराच्या पोराला कशाला हवी शाळा? आता आपणच विचारतो, महाराच्या हुशार पोराला कशाला हवी ही शाळा? वाक्यात दोन शब्द वाढले आणि आपल्याला वाटलं क्रांती झाली.

मी मुंबईच्या गोदीत ठेकेदाराकडे माल उचलतो आणि कविता लिहितो. शिक्षण दहावी पास. शिक्षणशास्त्रावर बोलायचा तुला काय अधिकार, असं विचारणारे आपल्यातच भरपूर आहेत. अधिकार एवढाच की मी बुलढाणा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो आणि माझी भाची आज त्याच शाळेत तिसरीत आहे. पोट्टी तल्लख आहे. पाढे तिला कुणी शिकवले नाहीत, चौथीच्या पोरांचे ऐकून आले. बहीण फोनवर म्हणते, "भाऊ, पोट्टीचं डोकं वाया चाललं. दोन मास्तर अन् चार वर्ग. गळ्यातलं मोडतो अन् तिले तालुक्याच्या कॉन्व्हेंटात टाकतो. तूच सांग काय करू."

तिला उत्तर द्यायचं आहे. ते एकट्या तिला देऊन भागणार नाही, कारण हाच फोन तुमच्याही खिशात वाजतोय. म्हणून इथे लिहितो.

आधी हे 'हुशार' कोण ठरवतं ते बघू. तालुक्याच्या त्या कॉन्व्हेंटमध्ये बहीण गेली तेव्हा पोरीला एका खोलीत नेऊन चाचणी घेतली. इंग्रजीत रंगांची नावं विचारली. मग दाजीला विचारलं, काय करता? दाजी म्हणाला, सोयाबीनच्या हंगामात मजुरी, एरवी मिळेल ते. मग 'इमारत निधी' सांगितला. पावती मिळणार नाही हेही सांगितलं. पोरीच्या पाढ्यांचं कुणी विचारलं नाही. परीक्षा पोरीची नव्हतीच. ती बापाच्या खिशाची होती.

आता कायदा ऐका. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यातलं कलम १३ म्हणतं, प्रवेश देताना देणगी घ्यायची नाही आणि मुलाची किंवा आईबापाची कसलीही छाननी करायची नाही. देणगी घेतली तर तिच्या दहा पटीपर्यंत दंड. छाननी केली तर पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत, पुढे दर वेळी ५०,००० पर्यंत. म्हणजे सहा-सात वर्षांच्या पोराला 'हुशार' आणि 'मठ्ठ' म्हणून वेगळं काढणं हा या देशात गुन्हा आहे. आणि ज्यांचा सगळा धंदाच या गुन्ह्यावर उभा आहे त्यांच्याकडे आपण गळ्यातलं मोडून जातो.

चाळणीचं गणित गोदीतला पोऱ्याही सांगेल. वरून खडे आधीच वेचून घेतले तर खाली पडलेले तांदूळ स्वच्छ दिसणारच. मग तो दुकानदार म्हणणार, माझी चाळणी बघा केवढी हुशार. खासगी शाळेचा निकाल हा असा आहे. फी भरू शकणारा बाप, घरात शिकलेली आई, संध्याकाळची शिकवणी, हे सगळं बाहेरून घेऊन पोर आत जातं. वर्षाच्या शेवटी त्याचे मार्क शाळा आपल्या फळ्यावर लावते.

कुणी म्हणेल, हे तुझं गोदीतलं तत्त्वज्ञान झालं. पुरावा काय? पुरावा आहे. आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षं १८० गावांत मोठा प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी तो तपासला. सरकारी शाळेतल्या गरिबांच्या पोरांतून चिठ्ठ्या टाकून काहींना खासगी शाळेची फी दिली. ज्यांची चिठ्ठी निघाली आणि ज्यांची निघाली नाही त्यांची चार वर्षांनी परीक्षा घेतली. तेलुगू आणि गणितात दोघांत फरक नाही. चाळणी काढून टाकली आणि खासगीची जादू गेली! तालुक्याच्या कॉन्व्हेंटवाल्याने हे पाटीवर लिहून लावावं.

पण मी अर्धंच सांगून पळणारा नाही. त्याच प्रयोगात खासगी शाळेतली पोरं हिंदीत पुढे निघाली, कारण सरकारी शाळेत हिंदी शिकवतच नव्हते. आणि खासगी शाळा हे सगळं सरकारच्या एक तृतीयांशापेक्षा कमी खर्चात करत होत्या. बघा, बाजारवाले लगेच ओरडतील, खासगी स्वस्त आणि मस्त. स्वस्त कशी? तिथल्या मास्तराचा पगार सरकारी मास्तराच्या एक षष्ठांशाहून कमी होता. म्हणून स्वस्त. आमच्याकडेही तेच. बारावी झालेली वस्तीतली पोरगी साडी नेसून कॉन्व्हेंटात 'मिस' होते आणि महिन्याला जे घेते ते मी हूक घेऊन दहा-बारा दिवसांत कमावतो. तुमच्या हुशार पोराला शिकवणारी ती मिस स्वतः ठेक्यावरची कामगार आहे. माझ्यासारखीच. तिच्यावर माझा राग नाही. तिला राबवणाऱ्यावर आहे.

म्हणजे मी काय जिल्हा परिषदेच्या शाळेची आरती ओवाळायला बसलोय? छट्. सरकारी शाळेनं आपल्याला काय दिलं ते आपल्या बुढ्या माणसांना विचारा. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा नावाचं एक पोर दाखल झालं. या देशाला त्याहून हुशार पोर कुठल्या शाळेनं दिलेलं नाही. त्याला वेगळं बसायला लागायचं, घरून नेलेल्या गोणपाटावर. नळाला हात लावता यायचा नाही. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर तहान. ती सरकारी शाळाच होती. आज तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, भाषणं होतात, पेढे वाटतात, आणि गोणपाटाचं नाव कुणी काढत नाही.

तरीही फरक कळतो का बघा. ती शाळा सरकारी पैशातून चालत होती म्हणून तिच्या दारात भिवाच्या बापाला पोर घेऊन उभं राहता आलं. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात सी. के. बोल्यांनी ठराव पास करून घेतला तो सार्वजनिक पाणवठ्यांचा आणि सार्वजनिक शाळांचा होता. सार्वजनिक! या एका शब्दावर महाडचा सत्याग्रह उभा राहिला. तळं सार्वजनिक होतं म्हणून आपण ओंजळ भरायला गेलो. एखाद्या सावकाराच्या अंगणातली विहीर असती तर काय मागितलं असतं? मेहेरबानी. जे सार्वजनिक आहे ते वाईट असलं तरी भांडून घेता येतं. जे खासगी आहे ते चांगलं असलं तरी मागून घ्यावं लागतं.

मागून घेण्याची गोष्ट ताजी आहे. शिक्षण हक्क कायद्यानं विनाअनुदानित खासगी शाळेत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या पोरांना दिल्या. फी सरकार भरणार. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा २०१४ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालानं यातून सुटल्या, आणि मग किती संस्थाचालकांना एकदम आपण अल्पसंख्याक असल्याची आठवण झाली ते तुमच्या शहरात तुम्हीच मोजा. तरी बाकीच्यांत लॉटरी लागायची. ९ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं अधिसूचना काढली की ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिनं ही पोरं घ्यायची गरज नाही. शहरात अशी जागा दाखवा जिथं एक किलोमीटरमध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही! म्हणजे कायदा कागदावर आणि दरवाजा बंद. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ ला अधिसूचना रद्द केली, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच कायम ठेवलं. कोर्टात गेलेल्या आईबापांना माझा जयभीम. पण सरकारच्या पोटातलं ओठावर आलं ते आलंच. त्यांना म्हणायचं होतं, तुमच्यासाठी ती शाळा आहे ना, तिकडे मरा.

बरं, तिकडे जावं तर ती शाळा तरी जिवंत ठेवता का? २०१७ साली दहापेक्षा कमी पोरं म्हणून १,३१४ शाळा बंद करायचं ठरवलं. २०२३ साली वीसच्या आतल्या शाळा गुंडाळून 'समूह शाळा' करायचा घाट घातला. त्याच साली शाळा कंपन्यांना दत्तक द्यायची योजना काढली, पैसे द्या आणि शाळेला आपलं नाव लावा. एका हातानं खासगीचं दार लावायचं आणि दुसऱ्या हातानं सरकारी शाळेचं छप्पर काढायचं. आपलं पोर मधल्या रस्त्यावर.

पण सरकारला शिव्या देऊन मोकळं व्हायचं हा आपला जुना धंदा आहे. मला पुढचं बोलायचंय.

शाळा रिकामी कोण करतं? गावात सकाळी सात वाजता पिवळी गाडी येते. पाटलाचं पोर जातं, दुकानदाराचं जातं, ग्रामसेवकाचं जातं. त्यांच्या मागून आपल्यातला जो एक नोकरीला लागला त्याचं पोर जातं. मग पट घसरतो. पहिली ते पाचवीला साठ पोरांपर्यंत दोनच मास्तर, असं कायद्याचंच गणित. पट घसरला की संचमान्यतेत मास्तराचं पद जातं. दोघांनी चार-पाच वर्ग हाकायचे. त्यातला एक मतदार यादी घेऊन दारोदार, दुसरा खिचडीचा हिशेब लिहीत. मग माझी बहीण म्हणते, पोट्टीचं डोकं वाया चाललं. पोट्टी गेली की पट आणखी एकानं कमी. हे चाक असं फिरतं. शेवटी शाळेत उरतात भूमिहीनांची पोरं, भटक्यांची पोरं, ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं. आणि साहेब म्हणतो, या शाळेला गुणवत्ता नाही. गुणवत्ता होती साहेब, ती पिवळ्या गाडीतून गेली.

या चाकाला पहिला धक्का श्रीमंतानं दिला. शेवटचा धक्का आपल्यातला हुशार पोराचा बाप देतो. हे कडू आहे, पण खरं आहे.

आणि दोन मास्तरांच्या शाळेबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही ती मी सांगतो, कारण मी त्यातून गेलोय. एका खोलीत दोन वर्ग बसले की दुसरीच्या पोराच्या कानावर तिसरी-चौथीचा धडा पडतो. ज्याचं डोकं चालतं ते पोर आपली बेरीज उरकून वरच्या वर्गाचा भागाकार ऐकत बसतं. भाचीचे पाढे तसेच आले. कॉन्व्हेंटात चाळीस पोरांची एक रांग, एक पान, एक चाल. पुढं पळायची बंदी. हुशार पोराला लागतं काय? पुढचं पुस्तक, प्रश्न विचारायची मुभा, आणि उत्तर द्यायला वेळ असलेला मास्तर. यातली पहिली दोन गरिबाच्या शाळेतही देता येतात. तिसरं सरकारनं चोरलंय. चोरलेला माल परत मागायचा की दुसऱ्या दुकानातून विकत आणायचा, एवढाच सवाल आहे.

सरकारला हुशार पोरांची आठवण नव्हती असं नाही. १९६६ साली खेड्यातल्या गुणी पोरांसाठी शासकीय विद्यानिकेतनं काढली, पुसेगावला, औरंगाबादला. १९८६ च्या धोरणातून नवोदय विद्यालयं आली. आपल्या जिल्ह्याचं नवोदय शेगावला. पाचवीत परीक्षा, सहावीत प्रवेश, राहणं-खाणं-पुस्तकं फुकट, ७५ टक्के जागा ग्रामीण पोरांना. शाळा चांगली आहे, खोटं कशाला बोलू? पण वर्षाला जागा ८०. जिल्ह्यात तालुके १३. हिशेब करा, तालुक्यामागं सरासरी सहा पोरं. बाकीच्या पोरांना काय सांगायचं, तुम्ही भुसा आहात?

नवोदयनं दोन गोष्टी सिद्ध केल्या. पहिली, सरकारला उत्तम शाळा चालवता येते. पैसा ओतला, मास्तर पुरेसे दिले, की सरकारी शाळा खासगीच्या नाकावर टिच्चून उभी राहते. सरकारी म्हणून वाईट, हे साफ खोटं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो कुठल्या कॉन्व्हेंटात शिकवून नाही. दुसरी गोष्ट, सरकारला हे सगळ्यांसाठी करायचं नाही. त्याला सहा पोरं वर काढून फोटो काढायचाय आणि उरलेल्यांना सांगायचंय, संधी होती, तुमच्यात गुण नव्हते. हे 'गुण' प्रकरण आपल्याला ओळखीचं आहे. पूर्वी ते जन्मानं ठरायचं. आता दोन तासांच्या पेपरात ठरतं, आणि त्याआधीची दहा वर्षं कुणाला काय मिळालं ते कुणी विचारत नाही.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं हेच ठणकावलं होतं. सारा भरतो कुणबी-शूद्र आणि पैसा जातो वरच्यांच्या वरच्या शिक्षणावर. आधी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत. बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई कौन्सिलात आकडे मांडले की शंभर पोरं प्राथमिक शाळेत शिरतात तेव्हा चौथीपर्यंत पोचतात अठरा, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात. लक्षात घ्या, स्वतः कोलंबिया आणि लंडन करून आलेला माणूस अठरांचं कौतुक करत बसला नाही. त्यानं ८२ मोजले.

आणि आपण? आपले साहेब, प्राध्यापक, बँकेतले, मंत्रालयातले. जयंतीला निळा फेटा, भाषणात शिका-संघटित व्हा, आणि पोरं बांद्र्याच्या इंटरनॅशनलात. गावच्या शाळेचं विचारलं की म्हणतात, सिस्टीमच सडलीय रे. सडवली कुणी? १८ ऑगस्ट २०१५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निकाल दिला होता की सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांनी आपली पोरं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत. उत्तर प्रदेश सरकारनं तो अमलात आणलाच नाही. महाराष्ट्रात असा निकाल आला तर त्याविरुद्ध पहिली सही कुणाची असेल? सवर्ण अधिकाऱ्याची, आणि त्याच्या शेजारी आपल्या दलित ब्राह्मणाची.

मग म्हणतात, इंग्रजीचं काय? अरे, इंग्रजी हवीच. मातृभाषेचा गहिवर काढणाऱ्यांची पोरं कुठं शिकतात ते आम्हाला माहीत आहे, त्यांच्या नादी लागून आम्ही आमच्या पोरांना इंग्रजीपासून तोडणार नाही. पण इंग्रजी काय कॉन्व्हेंटवाल्याच्या बापाची आहे? महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. कागदावर. ती शिकवणारा मास्तर मागा. मुंबई महापालिकेनं २०२० मध्ये जोगेश्वरीच्या पूनमनगरात सीबीएसईची शाळा काढली तर अर्ज इतके आले की लॉटरी काढावी लागली. झोपडपट्टीतला बाप सरकारी शाळेला नाक मुरडत नाही. तो वाईट शाळेला नाक मुरडतो. दोन्हींत फरक आहे.

आता बहिणीला उत्तर. पोर म्हणजे मोर्चातला फलक नव्हे. तिचं तिसरीचं वर्ष परत येत नाही, हे मला कळतं. उद्या शाळेत मास्तरच उरला नाही तर पोट्टीला उचल आणि जिथं शिकवतात तिथं ने. त्यासाठी कुणी तुला गद्दार म्हणालं तर त्याचं थोबाड मी बघतो. पण आज दोन मास्तर आहेत, शिकवतात, पोरीला आवडतात. मग गळ्यातलं मोडू नकोस. शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्यानं त्या समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात, निम्म्या बाया लागतात. तिथं सही करून मुकाट बसू नकोस. विचार, तिसरा मास्तर कधी देता? पुस्तकांची पेटी कुलपात का? मतदार यादीला मास्तर किती दिवस गेला? कॉन्व्हेंटात तू फक्त फी भरणारी गिऱ्हाईक. इथं तू मालकीण आहेस, आणि गिऱ्हाईक माल बदलू शकतं, दुकान बदलू शकत नाही.

आणि शहरातल्या दोस्तांनो, तुम्हाला सुट्टी नाही. छावण्या भरवता, कवितावाचनं करता, विद्यापीठाच्या गेटवर घोषणा देता. ठीक. आता तुमच्या गावच्या शाळेचा पट सांगा. किती पोरं, किती मास्तर, किती पदं रिकामी? मला ठाऊक आहे, नव्वद टक्के गप्प बसतील. माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येकानं आपल्या गावची शाळा मोजावी. रिकाम्या पदांसाठी माहितीचा अर्ज टाकावा. पवित्र पोर्टलवर पात्र होऊन बसलेली आपलीच पोरं-पोरी आहेत, त्यांच्या नेमणुकीचा लढा हा शाळेचा लढा आहे. नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून १६,००० रुपयांवर राबायचं, २०२३ च्या आधी तर ६,००० वर, हेही बंद करायचा लढा आहे. जिथं कॉन्व्हेंट चाचणी घेतं, देणगी मागतं, तिथं कलम १३ हातात घेऊन दहा जणांनी गेटवर उभं राहावं. २५ टक्क्यांच्या जागा भरल्या की नाही ते बघावं, त्या आपल्या हक्काच्या आहेत, पण त्यांना मुक्ती समजू नये. आणि दर सुट्टीत गावी जाताना पाच पुस्तकं न्यावीत, शाळेत बसून पुढच्या इयत्तेचं गणित पोरांना शिकवावं. मी दहावी पास आहे, मला चौथीचं येतं. तुम्हाला एम. ए. असून येत नसेल तर लाज बाळगा.

कोठारी आयोगानं १९६६ साली सांगितलं होतं की कलेक्टरचं आणि मजुराचं पोर शेजारच्या एकाच शाळेत शिकलं पाहिजे. साठ वर्षं झाली. अहवालाला वाळवी लागली. ती शाळा कुणी आपल्याला बांधून देणार नाही. पण जी मोडकी आपल्या हातात आहे तिच्यावर कुलूप पडलं, की पुढचं पोर कितीही हुशार निघो, त्याच्या हुशारीची किंमत दुसरा कुणीतरी फीच्या पावतीवर लिहील.

शंभरातली अठरा मोजणं बंद करा. ८२ मोजा.

जयभीम.